ईजीआर ब्लॉक करण्याआधी

डिझेल गाडीचा पिकअप गेला, धूर वाढला, की गॅरेजमध्ये अनेकदा सल्ला मिळतो : ईजीआर ब्लॉक करून टाका. म्हणजे सायलेन्सरकडे निघालेल्या धुराचा काही भाग इंजिनात परत नेणाऱ्या वाटेत पत्र्याची चकती बसवायची.

हा धूर परत घ्यायचा कशाला? त्यात ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे ज्वलनाचं तापमान फार चढत नाही. ते चढलं की हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळून नायट्रोजन ऑक्साइड बनतात. ते फुप्फुसांना घातक असतात, शिवाय उन्हात त्यांच्यापासून ओझोनही तयार होतो.

गाडीवाल्यांची तक्रार खोटी नाही. काजळी आणि ऑइलची वाफ मिळून इनटेकमध्ये डांबरासारखा थर साचतो, धुराची वाट उघडणारा-मिटणारा ईजीआर व्हॉल्व्ह अडकतो. पण ब्लॉक केल्याने ताकद वाढते हे पटत नाही. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर व्हॉल्व्ह एरवीही बहुधा मिटलेलाच असतो. जाणवणारा फरक तो साफ करून किंवा बदलूनही मिळतो.

पीयूसी चाचणीत डिझेलच्या धुराची घनता मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड नव्हे. त्यामुळे ही छेडछाड तिथे सहज निसटते, आणि हेच मला सर्वांत गंभीर वाटतं.