फोर्थचा पूल पाहावा तो काठावरून

एडिंबरोहून पर्थकडे मोटारीने निघालेल्या प्रवाशाला फोर्थची खाडी ओलांडायला आज दोन-तीन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. २०१७ साली वाहतुकीस खुला झालेला ‘क्वीन्सफेरी क्रॉसिंग’ हा पूल २.७ किलोमीटर लांबीचा, दोनशे मीटरांहून उंच अशा तीन मनोऱ्यांना तिरप्या तारांनी टांगलेला असून, वादळी वाऱ्यात वाहने उलटू नयेत म्हणून त्याच्या कडांना आडोसे बांधण्याचा चोख बंदोबस्त केलेला आहे. थांबण्यास मनाई, वाहनांचा वेग आणि हे आडोसे, शिवाय उत्तरेकडे जाणाऱ्या मोटारींच्या वाट्याला येणारी पश्चिमेची बाजू, या साऱ्यांमुळे घडते असे की, ज्या पुलाच्या दर्शनासाठी जगभरची माणसे या खाडीवर येतात तो फोर्थचा रेल्वेपूल पूर्वेस थोड्याच अंतरावर उभा असूनही प्रवाशाच्या नजरेस पुरता पडत नाही. म्हणून ज्याला घाई नाही अशा वाहनचालकाने नव्या पुलावर चढण्यापूर्वीच महामार्ग सोडावा, साउथ क्वीन्सफेरी या गावाकडे उतरणारी वाट धरावी आणि अर्धा दिवस खर्ची घालण्याची मनाची तयारी ठेवावी, अशी माझी शिफारस आहे.

रेल्वेचा पूल रेल्वेत बसूनच पाहावा, असे कोणी म्हणेल. पण डब्याच्या खिडकीतून तांबड्या पोलादाच्या पट्ट्या झरझर मागे पळताना दिसतात. पूल म्हणून काही दिसत नाही. या पुलाचे वैशिष्ट्य असे की, त्याच्या अंगावरची कोणती तुळई कोणते काम करते, हे काठावर उभे राहून, बाजूने, नुसत्या डोळ्यांनी वाचता येते. आणि इतक्या प्रचंड आकाराची दुसरी रचना क्वचितच सापडेल, की जिने आपल्या गणिताचा सारा ताळेबंद असा उघड्यावर मांडून ठेवला आहे.

गावाचा उतार संपतो तेथे जुना धक्का आहे. अकराव्या शतकात राणी मार्गारेटने यात्रेकरूंसाठी येथे तरीची सोय केली, आणि ती तर या ना त्या रूपाने १९६४ पर्यंत, म्हणजे मोटारींसाठी झुलता पूल खुला होईपर्यंत, चालू होती. तोवर मोटारवाल्यांना रेल्वेच्या पुलाच्या छायेत रांग लावून बोटीची वाट पाहावी लागे, त्यामुळे त्या पिढीला हा पूल पाहण्यासाठी वेगळा वळसा घेण्याचे कारणच पडले नाही. धक्क्याजवळच ‘हॉज इन’ हे जुने पांथस्थगृह उभे आहे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या ‘किडनॅप्ड’ या कादंबरीत त्याला स्थान मिळाले आहे. ती १८८६ साली प्रसिद्ध झाली तेव्हा पुलाचे काम ऐन भरात होते, परंतु कथानक अठराव्या शतकातले असल्यामुळे कादंबरीकाराला समोरच्या त्या अवाढव्य पोलादी पसाऱ्याकडे काणाडोळा करता आला.

धक्क्यावरून मान वर केली की तीन मनोरे दिसतात, भरतीच्या पाण्यापासून ११० मीटर उंच, आणि प्रत्येकाने आपले दोन बाहू दोन दिशांना पसरलेले. एका मनोऱ्याचा बाहू २०७ मीटर, समोरून येणारा दुसऱ्याचा बाहू तेवढाच, आणि दोहोंच्या टोकांवर टेकवलेली १०७ मीटरांची तुळई, असा हा ५२१ मीटरांचा गाळा. आणि असे गाळे दोन. बाहूंची खालची कड पाहावी तर ती साडेतीन मीटरांहून अधिक व्यासाच्या गोल पोलादी नळांची आहे. वरची कड पाहावी तर ती जाळीदार. हा फरक शोभेसाठी केलेला नव्हे. वेताची छडी दोन्ही टोकांनी ओढली तर ती सरळच राहते. दाबली तर मध्येच बाक घेते, आणि कोणत्या बाजूला घेईल याचा नेम नसतो. दाब सोसणाऱ्या घटकाला म्हणूनच सर्व दिशांनी सारखाच ताठपणा हवा, आणि तो कमीत कमी धातूत देणारा आकार म्हणजे पोकळ नळ. ताण सोसणाऱ्या घटकाला बाकण्याचे भय नाही. त्याला भक्कम पट्ट्यांची जाळी पुरते, आणि जाळीतून वारा निघून जातो हा वरकड लाभ. तेव्हा प्रेक्षकाने इतकेच ध्यानात ठेवावे, की नळ दिसला तेथे दाब, जाळी दिसली तेथे ताण. मग सारा पूल अर्ध्या तासात वाचून होतो.

पुलाचे रचनाकार जॉन फाउलर आणि बेंजामिन बेकर. त्यांपैकी बेकर यांनी १८८७ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानात हेच तत्त्व जिवंत माणसे बसवून दाखवले, आणि त्याचे छायाचित्र आजही अभियांत्रिकीच्या पुस्तकांतून भेटते. दोन खुर्च्यांवर दोन माणसे हात पसरून बसली आहेत. प्रत्येकाच्या मुठींत काठ्यांची टोके असून त्या काठ्यांची दुसरी टोके खुर्चीच्या बैठकीला टेकवली आहेत. बाहेरच्या अंगाला विटांची ओझी टांगली आहेत. आणि मधल्या मोकळ्या जागेत, दोन्ही काठ्यांच्या टोकांवरून लोंबकळणाऱ्या फळीवर, एक तिसरा माणूस निवांत बसला आहे. हात ताणले जातात, काठ्या दाबल्या जातात, खुर्च्यांचे पाय म्हणजे खांबांचे पाये आणि विटा म्हणजे प्रतिभार; प्रत्यक्ष पुलातही किनाऱ्याकडच्या बाहूंच्या टोकाशी हजार टनांच्या घरातली वजने ठेवलेली आहेत. मधल्या फळीवर बसलेले गृहस्थ म्हणजे काइची वातानाबे, ग्लासगोत शिकून या कामावर लागलेले जपानी अभियंते. बाहू पसरून भार तोलण्याची कल्पना पूर्वेकडे फार प्राचीन आहे याची आठवण राहावी म्हणून त्यांना मध्ये बसवले होते, असे सांगतात.

एवढ्या अवजड रचनेचे प्रयोजन काय, हा प्रश्न कोणालाही पडेल, आणि त्याचे उत्तर या खाडीत नसून उत्तरेच्या टे नदीच्या मुखात आहे. २८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्री टेवरील पुलाचे मधले उंच गाळे, ते तेराच्या तेरा, वरून जाणाऱ्या आगगाडीसह पाण्यात कोसळले आणि सुमारे ७५ माणसे प्राणास मुकली. त्या पुलाचे कर्ते सर टॉमस बाउच यांना त्याच वर्षी सरदारकी मिळाली होती. सरकारी चौकशीत रचना, बांधणी आणि देखभाल या तिन्ही बाबतींत दोष निघाले: बिडाच्या खांबांना बांधणारे तिरपे ताण ज्या कानांना अडकवले होते ते कानही बिडाचेच, आणि बीड दाबाला खंबीर असले तरी ताणाला दुबळे. वाऱ्याच्या जोराचा तर स्वतंत्र हिशोबच धरलेला नव्हता. फोर्थवर झुलता पूल बांधण्याचे कामही याच बाउच यांच्याकडे होते आणि त्याचा आरंभही झाला होता. त्या पुलासाठी राजखगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी वाऱ्याचा दाब चौरस फुटाला १० पौंड धरावा, असा सल्ला दिला होता. दुर्घटनेनंतर ते काम बंद पडले, बाउच वर्षभरातच वारले, आणि नव्या पुलासाठी सरकारने चौरस फुटाला ५६ पौंड, म्हणजे चौरस मीटरला सुमारे २७३ किलो, इतका दाब सोसण्याची अट घातली.

ही अट अतिरेकी आहे, हे बेकर यांना ठाऊक होते. खाडीच्या मध्यावरच्या इंचगार्वी बेटावर त्यांनी वाऱ्याचे दाब मोजण्यासाठी एक लहान फळी आणि एक ३०० चौरस फुटांची मोठी फळी उभारली होती. मोठ्या फळीवरचा सरासरी दाब लहानीपेक्षा कमी भरे, कारण वाऱ्याचा झोत एकाच क्षणी सर्वत्र सारख्या जोराने आदळत नाही. तरीही अट ती अट. शिवाय ज्या जनतेने टेची बातमी वाचली होती तिला आगगाडीत बसवायचे होते. मनोऱ्यांचे पाय तळाशी ३६ मीटरांहून अधिक अंतरावर फाकलेले आणि माथ्याशी अवघ्या १० मीटरांवर आणलेले दिसतात, ते वाऱ्यापुढे पाय रोवून उभे राहण्यासाठीच.

येथे एक बारकावा चटकन ध्यानात येत नाही. मधला, म्हणजे इंचगार्वीवरचा मनोरा रेल्वेमार्गाच्या दिशेने ७९ मीटर रुंद आहे आणि दोन्ही बाजूंचे मात्र ४४ मीटरच. कारण असे की, काठाकडच्या मनोऱ्यांचा एक बाहू प्रतिभाराने दाबून धरलेला आहे, पण मधल्याचे दोन्ही बाहू पाण्यावर मोकळे. एकाच बाजूला जड गाडी आली तर त्याला तोलून धरणारे दुसरे कोणी नाही, त्याने आपल्या पायांच्या अंतरावरच उभे राहावे. मला स्वतःला या पुलातले सर्वांत सुंदर स्थळ हेच वाटते, जरी छायाचित्रकार तेथे क्वचित रेंगाळतात.

बांधकामाचा तपशील सांगू लागलो तर पुरवणी पुरणार नाही. सुमारे ५३ हजार टन पोलाद, ६५ लाख रिव्हेट, सात वर्षांचा अवधी, आणि विल्यम अ‍ॅरोल यांचे कंत्राट. ब्रिटनमध्ये पुलांसाठी पोलाद वापरण्यास मंजुरी मिळून तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. २१ मीटर व्यासाची लोखंडी पिंपे तळाशी बुडवून, काहींत दाबाची हवा भरून, त्या कोंदट पोकळीत मजूर खडक फोडीत. वर बाहू वाढू लागले तशा खाली बचावाच्या नावा तैनात झाल्या. त्या नावाड्यांनी निदान आठ जणांना जिवंत बाहेर काढले आणि वाऱ्याने उडालेल्या टोप्या तर हजारोंनी गोळा केल्या. तरीही मृतांची संख्या ५७ म्हणून दीर्घकाळ सांगितली गेली ती अपुरी निघाली. स्थानिक अभ्यासकांनी दप्तरे चाळून ती ७३ पर्यंत नेली, आणि आता खाडीच्या दोन्ही तीरांवर त्यांची स्मारके आहेत.

१८८९ च्या शरद ऋतूत शेवटचे सांधे जुळवायची वेळ आली तेव्हा निसर्गाने एक लहानसा अडथळा घातला. पोलाद दर अंश सेल्सियसला आपल्या लांबीच्या लाखात सुमारे १.२ भाग वाढते. म्हणजे ५२१ मीटरांच्या गाळ्यात दहा अंशांचा फरक पडला तर अंतरात सहा सेंटीमीटरांच्या आसपास तफावत. हवा थंड, पोलाद आखडलेले, आणि भोके एकमेकांसमोर येईनात. तेव्हा तेलात भिजवलेल्या चिंध्या व लाकडाचा भुसा तुळयांत पेटवून पोलाद तापवण्यात आले, ते हवे तेवढे वाढले आणि खिळे बसले. ४ मार्च १८९० रोजी युवराजांच्या हस्ते उद्‌घाटन झाले, तत्पूर्वी जानेवारीत कोळशाने भरलेल्या दोन लांबच लांब मालगाड्या शेजारीशेजारी चालवून पुलाची परीक्षा घेण्यात आली होती.

पूल पाहून सारेच हरखले असे नाही. कवी-कलावंत विल्यम मॉरिस यांनी त्याला कुरूपतेचा कळस ठरवले. त्यावर बेकर यांचा युक्तिवाद असा, की ज्याला एखाद्या घटकाचे कार्य ठाऊक नाही त्याला त्याच्या सौंदर्याचा निवाडा करण्याचा अधिकार नाही. मॉरिस यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगूनही माझे मत बेकर यांच्या बाजूने पडते. मात्र हे मत धक्क्यावर उभे राहिल्यावर बनते, चित्र पाहून नव्हे. युनेस्कोने २०१५ साली पुलाला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. एका टोकापासून रंगवीत जावे आणि दुसरे टोक येईतो पहिल्याचा रंग उडालेला असावा, ही दंतकथा मात्र आता मोडीत काढावी: २००२ ते २०११ या काळात जुने थर खरवडून काचेच्या सूक्ष्म पापुद्र्यांनी युक्त असा रंग दिला गेला, जो दोन दशकांहून अधिक टिकावा अशी अपेक्षा आहे.

साउथ क्वीन्सफेरीहून निघताना १९६४ च्या झुलत्या पुलाच्या पदपथावर थोडे चालावे. तो आता मुख्यतः बसगाड्या, सायकली आणि पादचाऱ्यांसाठी आहे, आणि तेथून रेल्वेचा पूल सबंध, तिन्ही मनोऱ्यांसह एका दृष्टिक्षेपात येतो. मग गाडी नव्या पुलावरून पलीकडे न्यावी, आणि सवड असेल तर नॉर्थ क्वीन्सफेरीत पुन्हा उतरावे, कारण उत्तरेचा मनोरा तेथे घरांच्या अगदी जवळ जमिनीला पाय टेकतो आणि नळांवरच्या रिव्हेटांच्या रांगा स्पष्ट दिसतात.

याच कुळातला एक पूल फोर्थच्या आदल्या वर्षी, १८८९ साली, तत्कालीन मुंबई इलाख्यात उघडला गेला होता, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. सिंधू नदीवर सक्करजवळचा लॅन्सडाउन पूल, आठशे फुटांच्या आसपासचा गाळा. उद्‌घाटक मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे. या कुळातल्या सर्वांत लांब गाळ्याचा त्याचा विक्रम वर्षभरच टिकला. फोर्थचा विक्रम टिकला तो १९१७ पर्यंत, कॅनडातील क्वेबेकचा ५४९ मीटरांचा गाळा पुरा होईपर्यंत. आणि ज्यांना स्कॉटलंड दूर वाटते त्यांच्यासाठी १९४३ चा हावडा पूल आहे: ४५७ मीटरांचा गाळा, २६,५०० टन पोलाद, त्यातले २३,००० टन टाटांच्या कारखान्याचे. हुगळी फेरीबोटीने ओलांडली तर दोन बाहूंच्या टोकांवर तोललेला १७२ मीटरांचा मधला भाग नीट ओळखू येतो. फरक इतकाच, की फोर्थच्या टोकांशी वजने ठेवून जे साधले, ते येथे किनाऱ्याकडचे आखूड बाहू जमिनीत जखडून साधलेले आहे.