जैवकोळसा

तूस, पाचट, काटक्या यांसारखे वनस्पतिजन्य पदार्थ हवेचा पुरवठा अत्यल्प ठेवून तापविले असता जो सच्छिद्र, कार्बनयुक्त घन अवशेष उरतो व जो जमिनीत मिसळण्यासाठी वापरतात, त्यास जैवकोळसा म्हणतात. लोणारी कोळसा व जैवकोळसा यांच्या घडणीत फारसा भेद नाही. भेद आहे तो उपयोगाचा. लोणारी कोळसा जळला की त्यातील कार्बन डाय-ऑक्साइडाच्या रूपाने हवेत परततो. जमिनीत मिसळलेल्या कोळशातील बराचसा कार्बन मात्र शतकानुशतके टिकू शकतो. जागतिक तापमानवाढीवरील एक उपाय म्हणून त्याकडे पाहिले जाते, ते यामुळेच.

वनस्पती प्रकाशसंश्लेषणाने हवेतील कार्बन घेतात. त्या कुजल्या वा जळल्या की तो बव्हंशी परत जातो. त्याऐवजी सु. ३५०° ते ७००° से. तापमानास त्यांचे ऊष्मीय अपघटन केल्यास बाष्प, ज्वलनशील वायू व डांबर निघून जातात. मूळ कार्बनापैकी साधारणतः निम्मा मागे उरतो आणि त्याचे अणू परस्परांना जोडलेल्या षट्‌कोनी वलयांत बांधले जातात. ही वलये सूक्ष्मजीवांना सहजी फोडता येत नाहीत. ॲमेझॉन खोऱ्यातील मूळ रहिवाशांच्या वस्त्यांजवळ शेकडो वर्षांपूर्वी मातीत मिसळलेला कोळसा आजही सापडतो.

भंडारा हा धानाचा जिल्हा असून साकोली तालुक्यातील एकोडीचा परिसरही धानाचाच आहे. तेथील हिशेब उद्‌बोधक ठरेल. एक टन धान भरडले असता सु. २०० किग्रॅ. तूस निघते व त्यात सु. ७५ किग्रॅ. कार्बन असतो. त्यातील निम्मा टिकला, तर सु. १३५ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड हवेबाहेर राहील. तुसाच्या कोळशात सिलिकायुक्त राख विपुल असल्याने लाकडी कोळशाच्या मानाने त्यात कार्बन कमी असतो. तथापि सिलिका धानाला उपकारकच आहे.

परंतु हे तूस फुकट पडून असते, असे समजणे चूक आहे. उसना तांदूळ करणाऱ्या गिरण्यांच्या बाष्पित्रांत ते जळण म्हणून खपते. त्याचा जैवकोळसा केला आणि गिरणीने दगडी कोळसा जाळला, तर वाचविलेला कार्बन दुसऱ्या वाटेने हवेत जाईल. तणस हा गुरांचा चारा आहे. तेव्हा खरा वाव शेतातच जाळल्या जाणाऱ्या अवशेषांना व तलावांच्या काठी माजणाऱ्या बेशरमासारख्या झुडपांना आहे. बेशरम गुरेही सहसा खात नाहीत.

भट्टीची रीत तितकीच महत्त्वाची आहे. धूर मोकळा सुटल्यास त्यातील मिथेन मिळविलेला लाभ बराचसा हिरावून घेतो. शंकूच्या आकाराच्या खड्ड्यात वरच्या ज्वाळेत वायू जळून जातात व शेवटी पाणी ओतून विस्तव विझवितात. महाराष्ट्रात या विद्येची ओळख जुनी आहे. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची भट्टी विकसित केली आणि त्या कामासाठी तिला २००२ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तो कोळसा चुलीसाठी होता. त्यामुळे लाकूड वाचले, पण त्याने कार्बन साठविला असे म्हणता येणार नाही.

जैवकोळसा हलक्या, आम्लधर्मी, पाणी न धरणाऱ्या जमिनीस अधिक मानवतो. म्हणून भंडाऱ्यातील बरडीसारख्या मुरमाड जमिनीत त्याचा लाभ काळ्या कन्हारीपेक्षा जास्त संभवतो. ताजा कोळसा मातीतील नायट्रोजन काही काळ धरून ठेवतो, यास्तव तो शेणखतात मुरवून घालणे इष्ट. केवळ उत्पन्नवाढीतून त्याचा खर्च क्वचितच भरून येतो. म्हणून कार्बनाच्या खरेदीदारांकडे पाहिले जाते. गूगल कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये ‘वराह’ या भारतीय कंपनीशी २०३० पर्यंत एक लाख टन कार्बन डाय-ऑक्साइडाच्या निवारणाचा करार केला. त्यासाठीचा कच्चा माल मुख्यतः गुजरातेतील वेडी बाभूळ हा आहे. लहान शेतकऱ्याच्या दोन-चार खड्ड्यांतील कोळशाचे मोजमाप व प्रमाणन कोणी व कोणाच्या खर्चाने करावयाचे, हा प्रश्न मात्र अशा करारांनी अद्याप सुटलेला नाही.