इयत्ता एक, इंग्रजीचे वर्ग अनेक (लेखांक ६)

अमेरिकेतील हायस्कूल नववी ते बारावी असे चार वर्षांचे असते आणि या चारही वर्षांत ज्याच्यापासून विद्यार्थ्याची सहसा सुटका नसते असा विषय म्हणजे इंग्रजी. अभ्यासक्रम ठरविण्याचा अधिकार केंद्राकडे नसून राज्यांकडे आणि त्यांच्या खालोखाल स्थानिक शिक्षणमंडळांकडे असल्यामुळे तपशील जागोजागी बदलतो. टेक्सासमध्ये इंग्रजीचे चार क्रेडिट, म्हणजे वर्षभराचा एक असे चार अभ्यासक्रम, पूर्ण करावे लागतात. कॅलिफोर्नियात शाळा उत्तीर्ण होण्याची राज्याची किमान अट तीन वर्षांची असली, तरी तेथील सरकारी विद्यापीठांना चार वर्षांचे इंग्रजी हवे असते. इयत्तांचा क्रम मात्र पुष्कळ ठिकाणी सारखा आढळतो: नववीत साहित्यप्रकारांची ओळख, दहावीत बहुधा जागतिक साहित्य, अकरावीत अमेरिकी साहित्य आणि बारावीत ब्रिटिश साहित्य किंवा निवडीचा अभ्यासक्रम.

या क्रमाला छेद देणारी दुसरी विभागणी पातळ्यांची आहे आणि प्रस्तुत लेखांकाचा विषय मुख्यतः तीच. एकाच इयत्तेतील मुले साधा वर्ग, ‘ऑनर्स’ म्हणजे अधिक वाचन आणि लेखन असलेला वरचा वर्ग, आणि ‘ए.पी.’ अशा निरनिराळ्या वर्गांत बसतात. ए.पी. म्हणजे ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ हा कॉलेज बोर्ड या संस्थेने आखलेला, महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा अभ्यासक्रम असून त्याची परीक्षा मे महिन्यात होते, तिच्यात 1 ते 5 असे गुणांकन असते आणि 3 किंवा त्याहून अधिक गुण मिळाल्यास अनेक महाविद्यालये क्रेडिट देतात. इंग्रजीत असे अभ्यासक्रम दोन आहेत. ‘भाषा आणि रचना’ हा बहुधा अकरावीत घेतला जातो आणि त्यात भाषणे, निबंध, पत्रे यांसारख्या गद्यातून लेखक आपले म्हणणे कसे पटवितो याचा अभ्यास होतो. ‘साहित्य आणि रचना’ हा बहुधा बारावीत घेतला जातो आणि त्यात कथा, कविता आणि नाटक यांचे बारकाईने वाचन असते. दोन्ही परीक्षांत प्रत्येकी तीन निबंध लिहावे लागतात. अनेक शाळांत साध्या वर्गातील ‘ए’ श्रेणीला 4, तर ए.पी.तील ‘ए’ला 5 गुण धरले जातात, या भारित सरासरीमुळे वर्गाची निवड महाविद्यालयीन प्रवेशाशी थेट जोडली जाते. ही निवड आठवीतील शिक्षकांची शिफारस, चाचण्यांचे गुण आणि पालकांचा आग्रह यांतून ठरते. हा आग्रह धरता येतो हे ज्या घरांना ठाऊकच नसते, त्यांची मुले तेथेच मागे पडतात.

इंग्रजी नव्याने शिकणाऱ्यांची वाट आणखी वेगळी आहे. सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी भाषक मुलांच्या वतीने चाललेल्या ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्ये असा निर्णय दिला, की ज्यांना शिकविण्याची भाषाच कळत नाही, त्यांना इतरांसारखीच पुस्तके आणि शिक्षक दिल्याने समान वागणूक मिळाली असे होत नाही. त्यामुळे प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेविषयी प्रश्नावली भरून घेतली जाते आणि तेथे ‘मराठी’ लिहिणाऱ्या कुटुंबातील मूल पुण्यातील इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून आलेले असले, तरी त्याला इंग्रजीच्या प्रावीण्यचाचणीला बसावे लागू शकते. ही चाचणी मुलाला खाली ओढण्यासाठी नसून त्याला आधार लागेल का हे पाहण्यासाठी असते, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

या रचनेचा इतिहास सरळ नाही. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या नेतृत्वाखाली 1892 मध्ये नेमलेल्या ‘दहा जणांच्या समिती’चा आग्रह असा होता, की एखादा विषय शिकविला जात असेल, तर पुढे महाविद्यालयात जाणाऱ्याला आणि न जाणाऱ्याला तो सारखाच शिकविला जावा. पहिल्या महायुद्धानंतर बुद्धिमापन चाचण्या शाळांत शिरल्या आणि मुलांची क्षमतेनुसार प्रतवारी करण्याची प्रथा, जिला तेथे ‘ट्रॅकिंग’ म्हणतात, रुळली. पुढे 1967 मध्ये वॉशिंग्टन शहरातील शाळांची अशी पद्धत ‘हॉब्सन विरुद्ध हॅन्सन’ खटल्यात गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांवर अन्याय करणारी म्हणून न्यायालयाने रद्द ठरविली. शिक्षण-अभ्यासक जीनी ओक्स यांनी ‘कीपिंग ट्रॅक’ या 1985 च्या ग्रंथात 25 शाळांतील निरीक्षणे मांडली, त्यांनुसार वरच्या वर्गांत अभिजात साहित्य, विवेचनात्मक लेखन आणि स्वतंत्र विचार यांना वाव होता, तर खालच्या वर्गांत स्वाध्यायपुस्तिका आणि अर्ज भरण्यासारखी कामे होती.

प्रश्नाचे मर्म याच निरीक्षणात आहे. गणितात बीजगणिताशिवाय कलनशास्त्र उमगत नाही, म्हणून तेथे पायऱ्यांचे समर्थन करता येते. इंग्रजीत तशी सक्तीची पायरी सापडत नाही. अनेक राज्यांनी 2010 नंतर स्वीकारलेल्या ‘कॉमन कोअर’ या समान मानकांतही हायस्कूलच्या इंग्रजीची उद्दिष्टे वर्षवार न देता नववी-दहावी आणि अकरावी-बारावी अशा दोन जोड्यांत दिली आहेत. असे असताना पातळीभेद जर केवळ पुस्तकाच्या काठिण्याचा राहिला, तर तो सुसह्य ठरतो. पण एका वर्गाला युक्तिवाद करायला आणि दुसऱ्याला गाळलेल्या जागा भरायला शिकविले जात असेल, तर ते दोन वेगळे विषय झाले असेच म्हणावे लागते.

शिकागोजवळील एव्हन्स्टन येथील हायस्कूलने म्हणूनच नववीच्या मानव्यविद्येतील वेगळा ऑनर्स वर्ग बंद करण्याचा निर्णय 2010 मध्ये घेतला. सर्व मुले एकत्र बसतात आणि ठरलेल्या दर्जाचे काम करून दाखविणाऱ्याला ऑनर्सचे श्रेय मिळते. अशा मिश्र वर्गाचा भार अखेर शिक्षकावरच येतो. हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी 1959 च्या आपल्या अहवालात इंग्रजीसारख्या विषयांत क्षमतेनुसार वर्ग करण्याची शिफारस केली होती, हे नेहमी उद्धृत होते. मात्र त्याच अहवालात प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्याला सरासरी एक निबंध लिहावा आणि म्हणून इंग्रजीच्या एका शिक्षकाकडे 100 हून अधिक विद्यार्थी नसावेत असेही म्हटले होते, त्याची आठवण क्वचितच काढली जाते. तीस-तीस मुलांचे पाच वर्ग घेणाऱ्या शिक्षकाकडे 150 विद्यार्थी होतात आणि प्रत्येकाच्या निबंधाला दहा मिनिटे दिली, तरी केवळ तपासण्यासाठी आठवड्याचे 25 तास लागतात. हे तास वेळापत्रकात कोठे बसवायचे, याचे उत्तर दिल्याखेरीज वर्ग एकत्र करण्याचा किंवा वेगळे ठेवण्याचा कोणताही निर्णय अपुराच राहतो.