हसवणाऱ्या चित्राचं वय

टेबलावर पुडिंग आहे आणि त्या पुडिंगची पृथ्वी झालेली आहे. डावीकडे हडकुळा ब्रिटिश पंतप्रधान विल्यम पिट त्रिशूळासारखा काटा रोवून समुद्राचा मोठा वाटा कापून घेतोय, उजवीकडे चिमुकला नेपोलियन तलवारीने युरोप उचलतोय. जेम्स गिलरेचं हे व्यंगचित्र फेब्रुवारी १८०५मध्ये लंडनच्या सेंट जेम्सेस स्ट्रीटवरच्या हॅना हम्फ्री यांच्या दुकानात विक्रीला आलं. गिलरे त्याच दुकानाच्या वर राहायचा. दुकानाच्या काचेपुढे चित्रं बघायला जमणारी माणसं त्याने १८०८च्या एका चित्रात काढून ठेवली आहेत.

अशी जुनी विनोदी चित्रं फ्रेम करून भिंतीवर लावलेली दिसतात, आणि मालक विचारतो, ‘हे खरं जुनं आहे का?’ या प्रश्नाला हो-नाही पुरत नाही. गिलरेने चित्र कोरलं ते तांब्याच्या पत्र्यावर. तो १८१५मध्ये गेला, पत्रे मागे राहिले. पुढे हेन्री बोन या प्रकाशकाने ते विकत घेतले आणि १८५०च्या सुमारास त्यांवरूनच पुन्हा छपाई केली. म्हणजे रेघ गिलरेचीच, पण कागद चित्रकाराच्या मृत्यूनंतरचा. ही छपाई ओळखणं तसं सोपं आहे. बोनच्या प्रती बहुधा बिनरंगी असतात, वरच्या उजव्या कोपऱ्यात आकडा असतो आणि पुष्कळदा कागदाच्या पाठीवरही दुसरं चित्र छापलेलं असतं. विल्यम होगार्थ या चित्रकाराच्या पत्र्यांचंही तेच झालं. जेम्स हीथने झिजलेल्या रेघा पुन्हा कोरून १८२२मध्ये त्यांची मोठी आवृत्ती काढली. अशा प्रतीला नकली म्हणणं अन्याय आहे, आणि पहिल्या छपाईच्या भावात ती विकणं ही फसवणूक आहे.

म्हणून चित्र फ्रेममधून बाहेर काढल्याशिवाय किंमत बोलूच नये. फ्रेम कितीही जुनी दिसो, ती कधीही बदललेली असू शकते. आधी कडेला बोट फिरवून बघा. भिजवलेल्या कागदावर पत्रा दाबला जातो तेव्हा त्याच्या चारही कडांची खोलगट खूण उमटते. ती नसेल तर समास छाटलेला असेल, किंवा चित्र पत्र्यावरून छापलेलंच नसेल. मग दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा. रंगीत ठिपक्यांची नक्षी दिसली की समजावं, हे यंत्रावरचं, फोटोवरून केलेलं पुनर्मुद्रण आहे. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला रुळली. हाताने भरलेला जलरंग मात्र रेघेबाहेर थोडा सांडतो, कुठे दाट तर कुठे विरळ बसतो. शेवटी कागद उजेडासमोर धरा. इंग्लंडमध्ये १७९४च्या कायद्यानंतर कागद करणारे वॉटरमार्कमध्ये साल घालू लागले. चित्राखाली १७९२ आणि कागदात १८१६ दिसलं, तर ती प्रत नंतरचीच.

उलट, चित्राखाली जुनं साल आहे म्हणून प्रतही तेव्हाचीच, असं मात्र धरू नये. चित्राखालची तारीख प्रकाशनाची असते, ती पत्र्यावरच कोरलेली असल्यामुळे प्रत्येक नव्या छपाईत जशीच्या तशी उमटते. लोक सर्वांत जास्त फसतात ते इथे.

किमतीत पहिला मान छपाई कधीची याला, मग रंग त्या काळातला आहे की नंतर भरलेला याला. पूर्ण समास असेल तर भाव चढतो. तपकिरी डाग, उन्हाने उडालेला तांबडा रंग, पाठीवर चिकटवलेला पुठ्ठा यांनी तो पडतो. दुकानदाराने सांगितलेल्या आकड्यापेक्षा लिलावात प्रत्यक्ष मिळालेले भाव बघावेत, आणि तेही त्याच चित्राच्या, त्याच छपाईच्या प्रतीचे. ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहातली ही व्यंगचित्रं ऑनलाइन बघता येतात. डोरोथी जॉर्ज यांनी त्यांतल्या हजारो चित्रांची केलेली तपशीलवार सूची हे माझ्या मते या क्षेत्रातलं सर्वांत उपयोगी काम आहे.

विषयालाही मोल आहे. गिलरेने १७९१मध्ये श्रीरंगपट्टणाहून इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसने घेतलेल्या माघारीवर चित्र काढलं. त्यात टिपू तटावरून इंग्रजांवर आपला ‘पाऊस’ पाडतोय. याच माघारीत उपाशी इंग्रज फौजेची हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी सैन्याशी गाठ पडली आणि तिला धान्य मिळालं. हे माहीत असलेल्या मराठी माणसाने त्या चित्रासाठी दोन पैसे जास्त मोजले, तर मला ते रास्त वाटतं.

आपल्याकडे अशी एखादी फ्रेम निघाली तर घरी धुण्या-पुसण्याच्या भानगडीत पडू नका. कागदाच्या जतनाचं काम करणाऱ्या जाणत्या माणसाकडे न्या. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर न्यायची तर १९७२चा पुरावस्तू कायदा आड येतो. आणि फ्रेमच्या पाठीचा मळका पुठ्ठा टाकू नका. जुन्या दुकानाची चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेला आकडा किंवा आधीच्या मालकाचं नाव बहुधा तिथेच सापडतं.