कळ पायात, मूळ कंबरेत

कंबरेच्या खालच्या भागातून किंवा नितंबातून निघणारी कळ मांडीच्या मागून पोटरीत आणि कधी कधी थेट पावलाच्या बोटांपर्यंत उतरते, तेव्हा त्या दुखण्याला बोलीभाषेत सायटिका आणि आयुर्वेदात गृध्रसी म्हणतात. या विकाराची पहिली अडचण अशी की, दुखणारी जागा आणि बिघडलेली जागा यांत बहुधा दीड-दोन हातांचे अंतर असते. पाय दुखतो म्हणून पायालाच तेल चोळले जाते, पोटरी दाबून घेतली जाते, ‘नस चढली’ असे समजून ती उतरवून देणाऱ्याचा शोध घेतला जातो आणि या साऱ्या खटाटोपात कंबरेचा मणका बाजूलाच राहतो. घरच्या घरी हे दुखणे आटोक्यात आणता येते का, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी आहे. मात्र केलेला उपाय मानवतो आहे की नाही हे ओळखताना वेदना किती तीव्र आहे याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ती पायात कुठवर उतरते आहे याकडे लक्ष द्यावे लागते.

सायटिक मज्जातंतू हा मानवी शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू असून उगमापाशी त्याची रुंदी सुमारे २ सेंटिमीटर भरते. कंबरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांच्या खालून निघणारी मुळे आणि त्रिकास्थीतून, म्हणजे कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकोणी हाडातून, बाहेर पडणारी पहिली तीन मुळे एकत्र येऊन तो बनतो. पुढे नितंबातील पिरिफॉर्मिस नावाच्या स्नायूखालून तो मांडीत उतरतो आणि बहुतेकांच्या बाबतीत गुडघ्याच्या थोडे वर दोन शाखांत विभागतो. प्रत्येक मुळाचा मुलूख ठरलेला असतो. कंबरेचे पाचवे मूळ दुखावले तर कळ पोटरीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या वरच्या भागावर आणि अंगठ्याकडे जाते व टाचांवर चालणे कठीण होते. त्रिकास्थीचे पहिले मूळ दुखावले तर ती पोटरीच्या मागून पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीकडे जाते आणि चवड्यावर उभे राहताना पाय दगा देतो.

नितंबापासून क्रमाने कंबर, मांडी, गुडघा, पोटरी आणि पाऊल व्यापणाऱ्या या वेदनेचा मार्ग चरकसंहितेत नोंदलेला आहे. ती मज्जातंतूतून येते हे नेपल्सचे वैद्य दोमेनिको कोतुन्यो यांनी १७६४ साली स्वतंत्र ग्रंथ लिहून मांडले, आणि मज्जातंतूला इजा करणारी वस्तू बहुधा मणक्यांमधली सरकलेली चकती असते, हे विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या बॉस्टनच्या दोन शल्यचिकित्सकांनी १९३४ साली दाखवून दिले. दोन मणक्यांमधल्या या चकतीला बाहेरून चिवट तंतूंची वलये असतात आणि आत मऊ, पाणीदार गर असतो. वलये चिरली की गर मागच्या बाजूला फुगतो किंवा बाहेर येतो आणि शेजारून जाणाऱ्या मुळाला भिडतो.

तथापि निव्वळ दाबाच्या कल्पनेने सर्व काही उलगडत नाही. केवळ त्या जागेपुरती भूल देऊन, रुग्ण जागा असताना केलेल्या कंबरेच्या शस्त्रक्रियांचे निष्कर्ष स्टीफन कुस्लिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केले, तेव्हा असे दिसले की सुजलेल्या, ताणलेल्या किंवा दाबलेल्या मुळाला स्पर्श करताच पायातली नेहमीची कळ उठते, पण निरोगी मुळाला तसाच स्पर्श केला तर ती उठत नाही. त्यानंतर १९९३ साली स्वीडनमधील संशोधकांनी डुकरांवर प्रयोग करून, कोणताही दाब न देता चकतीतला गर नुसता मुळाशेजारी ठेवला तरी मज्जातंतूचे कार्य मंदावते, असे सिद्ध केले. म्हणजे बाहेर आलेला गर मुळाला जागा अपुरी पाडतो आणि शिवाय रासायनिक दाहही निर्माण करतो. या दाहातच सुटकेची वाटही दडलेली आहे, कारण चकतीच्या आत राहिलेला गर रक्ताच्या थेट संपर्कात नसतो, पण बाहेर पडताच शरीराच्या संरक्षक पेशी त्याला परका समजून गिळू लागतात. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ साली घेण्यात आला, त्यात पूर्णपणे तुटून वेगळे पडलेले तुकडे ९६ टक्के रुग्णांत आपोआप आक्रसलेले आढळले, तर केवळ फुगलेल्या चकत्यांबाबत हे प्रमाण १३ टक्केच होते. अहवालात जे सर्वांत भीतिदायक दिसते ते विरघळण्याची शक्यता सर्वाधिक असते, ही गोष्ट रुग्णांना फारशी सांगितली जात नाही.

एमआरआय अहवालाबाबत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. पाठदुखीची कोणतीही तक्रार नसलेल्या ९८ व्यक्तींच्या कण्यांची चित्रे १९९४ साली अमेरिकेत तपासली गेली, तेव्हा त्यांपैकी ५२ टक्के व्यक्तींत किमान एक चकती फुगलेली आणि २७ टक्के व्यक्तींत ती एका बाजूला बाहेर आलेली निघाली. तेव्हा ‘मणक्यात गॅप आली’ एवढ्या वाक्याने वर्षानुवर्षे घाबरून वावरण्याचे कारण नाही. चित्रातला दोष आणि पायातल्या कळेचा मुलूख यांचा मेळ बसला तरच त्या दोषाला अर्थ असतो.

शरीर स्वतः दुरुस्ती करीत असताना घरातल्या उपायांचे काम त्या दुरुस्तीला अवधी मिळवून देणे आणि तोवर मुळाला पुन्हा पुन्हा न डिवचणे हे आहे. एके काळी यासाठी कडक विश्रांती सांगितली जात असे. नेदरलँड्समध्ये १८३ रुग्णांवर केलेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्या रुग्णांना दोन आठवडे अंथरुणावर ठेवले आणि उरलेल्यांना झेपेल तसे वावरू दिले. दोन आठवड्यांनंतर दोन्ही गटांतील सुधारणेत म्हणण्यासारखा फरक नव्हता आणि १२ आठवड्यांनंतर दोन्हींकडे ८७ टक्के रुग्ण सुधारलेले होते. असह्य कळेच्या पहिल्या एक-दोन दिवसांत आडवे होण्यात गैर काही नाही, पण त्यापुढे पडून राहण्याने स्नायूंची ताकद तेवढी जाते. थोडे चालावे, थांबावे, पुन्हा चालावे, आणि एकाच स्थितीत फार वेळ बसू नये, हे सांगायला साधे असले तरी पाळायला कठीण आहे, विशेषतः दुचाकीवरून खड्ड्यांचा रस्ता कापून दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांना.

कोणत्या स्थितीत चकतीवर किती दाब येतो याचे मोजमाप स्वीडनमध्ये आल्फ नॅकेमसन यांनी १९६० च्या दशकात सुरू केले. पुढे जर्मनीत एका स्वयंसेवकाच्या चकतीत दाबमापक बसवून १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आडवे पडल्यावर ०.१, उभे राहिल्यावर ०.५, पुढे वाकल्यावर १.१ आणि पाठ वाकवून २० किलोचे वजन उचलताना २.३ मेगापास्कल इतका दाब आढळला. आकडे एकाच व्यक्तीचे आहेत हे खरे, पण त्यांची चढती भाजणी पुरेशी बोलकी आहे. याच प्रयोगात सात तासांच्या झोपेत चकतीतला दाब ०.१ वरून ०.२४ पर्यंत चढला, कारण भार नसताना चकती पाणी शोषून फुगते. त्यामुळे उठल्यानंतरचा पहिला तासभर वाकणे टाळावे असा सल्ला दिला जातो; आणि आपल्याकडे नेमक्या त्याच वेळी अंथरुणे गुंडाळणे, आखूड केरसुणीने झाडणे आणि पाण्याने भरलेली बादली उचलणे ही कामे ओळीने उभी असतात. अंथरुणातून उठताना कुशीवर वळून हातांच्या रेट्याने उठावे, झोपताना पाठीवर असल्यास गुडघ्यांखाली आणि कुशीवर असल्यास दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी, जमिनीवर मांडी घालून बसणे काही आठवडे सोडावे. पाठ दुखते म्हणून फरशीवर किंवा लाकडी फळीवर झोपण्याचा आग्रह मात्र निराधार आहे: जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर स्पेनमध्ये झालेल्या व २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत टणक गादीपेक्षा मध्यम टणक गादी अधिक उपकारक ठरली.

व्यायामाच्या बाबतीत एक जुनी फसगत आहे. रुग्णाला उताणे झोपवून सरळ पाय वर उचलला असता कळ उठते का हे पाहण्याची चाचणी सर्बियाचे लाझा लाझारेविच यांनी १८८० साली वर्णिली, आणि फ्रान्समध्ये शार्ल लासेग यांच्या शिष्याने १८८१ च्या आपल्या प्रबंधात ती मांडल्यामुळे ती लासेग यांच्या नावानेच प्रसिद्ध झाली. मज्जातंतू ताणला जाऊन दुखलेले मूळ ओढले जाते, हे तिच्यामागचे तत्त्व. मांडीच्या मागची ‘शीर आखडली’ असे समजून पायांचे अंगठे धरण्याचा सराव करणारा रुग्ण, डॉक्टर ज्या कृतीने वेदना मुद्दाम उत्पन्न करून पाहतात तीच कृती, उपचार म्हणून रोज करीत असतो. पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन आणि म्हणून संपूर्ण सूर्यनमस्कारही कळ ओसरेपर्यंत बाजूला ठेवणे शहाणपणाचे असते.

याउलट पाठ मागे वाकवण्याने अनेकांना आराम पडतो, हे न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथील भौतिकोपचारतज्ज्ञ रॉबिन मॅकेन्झी यांच्या लक्षात १९५६ साली अगदी अपघाताने आले. त्यांनी एका रुग्णाला पालथे झोपून राहायला सांगितले होते, परंतु टेबलाची डोक्याकडची बाजू आधीच्या रुग्णासाठी वर उचललेली राहून गेली होती, त्यामुळे तो पाठ मागे कमानीसारखी वाकवून पडून राहिला आणि काही मिनिटांनी त्याने पायाचे दुखणे गेल्याचे सांगितले. त्यातून पुढे ‘केंद्रीकरण’ ही संकल्पना आली: पावलापर्यंत जाणारी वेदना पोटरीपर्यंत, मग मांडीपर्यंत आणि अखेरीस कंबरेपुरती मागे सरकत गेली, तर कंबर तात्पुरती अधिक दुखली तरी ते सुचिन्ह मानावे, उलट कंबर हलकी होऊन कळ पोटरीत उतरली तर तो व्यायाम तत्काळ थांबवावा. करण्याची रीत सोपी आहे. प्रथम दोन-तीन मिनिटे नुसते पालथे पडावे, ते मानवल्यास कोपरांवर छाती उचलावी, आणि तेही मानवल्यास तळहातांनी जमीन रेटत छाती वर घ्यावी, मात्र ओटीपोट जमिनीलाच राहू द्यावे आणि पाठीचे स्नायू सैल सोडावेत. बाह्य आकार भुजंगासनाचा असला तरी येथे काम पाठीने नव्हे, हातांनी करायचे असते.

हा उपाय सर्वांना लागू नाही, आणि घरगुती सल्ल्यांमध्ये नेमकी येथेच गफलत होते. साठीपुढच्या अनेकांत चकती नव्हे, तर वयानुसार जाड झालेले सांधे व बंध मज्जातंतूंची वाट अरुंद करतात. अशा व्यक्तीला उभे राहिल्यावर व चालल्यावर पायांत गोळे येतात, बसल्यावर किंवा पुढे झुकल्यावर बरे वाटते, आणि चार पावले चालवत नाही पण सायकल खुशाल चालवता येते. पाठ मागे वाकवली की वाट आणखी आवळते, म्हणून त्यांना गुडघे छातीशी घेण्याचा व्यायाम अधिक मानवतो. शेजाऱ्याला गुण आलेला व्यायाम आपल्यालाही येईल, हा विश्वास या दुखण्यात महागात पडतो.

शेक आणि तेलाबद्दल थोडक्यात सांगता येईल. गरम पाण्याच्या पिशवीची ऊब चकतीपर्यंत पोचत नाही, पण आखडलेले स्नायू सैल होतात व झोप लागते, आणि एवढे मिळाले तरी ते कमी नव्हे; मधुमेहामुळे किंवा दबलेल्या मुळामुळे पावलाची संवेदना गेलेली असल्यास मात्र भाजल्याचे कळत नाही, म्हणून अशा पायाला शेक देऊ नये. हलक्या हाताने तेल लावण्यात अपाय नाही. पाठीवर पाय देऊन तुडवून घेणे आणि झटका देऊन मणका ‘बसवून’ घेणे यांत तो संभवतो.

दुकानातून परस्पर आणल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांपैकी आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक या दाहशामकांचा सायटिकात लाभ मर्यादित आहे, आणि मूत्रपिंडाचा विकार, जठरातील व्रण, हृदयविकार किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना त्यांचा धोका मोठा आहे. मज्जातंतूंच्या वेदनेसाठी सर्रास लिहून दिले जाणारे प्रेगाबालिन ऑस्ट्रेलियात २०९ रुग्णांवर तपासले गेले, तेव्हा २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ते निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही, उलट चक्कर येण्याचे प्रमाण वाढले. जे ते आधीपासून घेत आहेत त्यांनी डॉक्टरांना न विचारता एकाएकी बंद करणेही योग्य नाही.

काही लक्षणे दिसल्यावर घरी थांबणेच चुकीचे ठरते. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि त्याखाली मुळांचा झुबका लोंबत असतो; मोठ्या तुकड्याने हा झुबका दाबला गेला तर बसताना आसनाला टेकणारा जांघांमधला भाग बधिर होतो, लघवी अडते किंवा नकळत होते, शौचावरचा ताबा सुटतो. ही अवस्था आढळल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच तासाला रुग्णालय गाठावे लागते, कारण उशीर झाल्यास ही हानी कायमची राहू शकते. पाऊल लुळे पडून चप्पल निसटू लागणे, पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे आणि पूर्वी कर्करोग झालेला असणे यांचीही दखल तातडीने घ्यावी लागते. संध्याकाळी येणारा बारीक ताप, घटणारे वजन आणि रात्री अधिक छळणारी पाठ असल्यास भारतात मणक्याच्या क्षयाचा विचार आधी करावा लागतो. पायाच्या एका पट्ट्यात आग होऊन दोन-चार दिवसांनी तेथे पुटकुळ्या उठल्या, तर ती नागीण असते.

सहा ते बारा आठवडे घरगुती काळजी घेऊनही कळ न ओसरलेल्या २८३ रुग्णांवर नेदरलँड्समध्ये झालेली चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांची कळ लवकर गेली, यात वाद नव्हता. पण वर्षअखेर दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झाल्याचे सांगत होते, आणि वाट पाहण्यासाठी निवडलेल्या गटातील ३९ टक्के जणांनी त्या वर्षभरात शस्त्रक्रिया करून घेतली होती. पायातली ताकद टिकून असेल, तर अशा टप्प्यावर शस्त्रक्रियेचा निर्णय बहुतांशी रुग्णाची सोसण्याची तयारी आणि त्याच्या कामाची निकड यांवर ठरतो. शेतीच्या हंगामात उभे राहणे भाग असलेल्या माणसाचा आणि घरून काम करू शकणाऱ्या माणसाचा निर्णय वेगळा असणे स्वाभाविक आहे.