कर्करोगाच्या वाटेवरचा वाटाड्या

वडगाव रासाईसारख्या भीमाकाठच्या गावातील स्त्रीला स्तनात गाठ जाणवली, तरी उपचार वाटेत रखडू शकतो. तपासणीचा अहवाल, पैशांची सोय, शहरातला मुक्काम, बुडणारी मजुरी. तोवर गाठ वाढत राहते.

न्यूयॉर्कच्या हार्लेम रुग्णालयात बहुतेक रुग्ण गरीब कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या. १९६४ ते १९८६ या काळात त्यांपैकी ३९ टक्केच पाच वर्षे जगल्या. मोफत तपासणीच्या जोडीला डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांनी १९९० मध्ये रुग्णासोबत वाटाड्या दिला. १९९५ ते २००० मधील रुग्णांत हे प्रमाण ७० टक्के झाले.

मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय 'केवट' अभ्यासक्रमातून असे वाटाडे घडवते. केवट म्हणजे रामाला गंगापार नेणारा नावाडी. वाटाड्या औषध देत नाही. पुढची तारीख मात्र चुकू देत नाही.