नियम पाठ आहेत, पण ट्रॉली कुठेय?

एमबीबीएस, मग पीजी... एवढं शिकलेला डॉक्टर साधे हात धुवायला विसरतो? ‘निष्काळजीपणा, दुसरं काय!’ असं आपण चटकन म्हणून मोकळे होतो. पण अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये काय सापडलं, ते बघा.

आयसीयूतल्या पेशंटच्या मोठ्या शिरेत ‘सेंट्रल लाइन’ नावाची नळी घालतात. तिच्यातून जंतू रक्तात गेले, तर जिवावर बेततं. ते टाळायचे नियम पाचच. हात धुवा, त्वचा क्लोरहेक्झिडीननं पुसा, पेशंटला निर्जंतुक कापडानं पूर्ण झाका, शक्यतो जांघेतली शीर टाळा, गरज संपली की नळी काढा. डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांच्या टीमनं पाहणी केली, तर एक तृतीयांशाहून जास्त वेळा यातलं काहीतरी राहून जात होतं.

बरं, नियम नवे नव्हते. अडत होतं भलतीकडेच. नुसतं सामान गोळा करायला डॉक्टरांना आठ ठिकाणी हिंडावं लागायचं!

मग सगळं सामान एका ट्रॉलीवर आलं. ‘ही नळी आजही हवीय का?’ हे रोज राउंडला विचारलं जाऊ लागलं. सिस्टरच्या हातात यादी आली आणि पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवायचा अधिकारही. १९९८च्या सुरुवातीला नळीच्या दर हजार दिवसांमागे ११.३ संसर्ग होत होते. २००२च्या अखेरीस ते शून्यावर आले. पुढे मिशिगन राज्यातल्या १०३ आयसीयूंमध्येही दीड वर्षात हे प्रमाण सुमारे ६६ टक्क्यांनी घटलं.

म्हणजे यादी छापली की झालं? नाही ना! कॅनडातल्या ओंटारिओत ऑपरेशनआधीची चेकलिस्ट सक्तीची झाली. २०१४मध्ये १०१ हॉस्पिटलांचा अभ्यास आला, तेव्हा मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. रकान्यांत खुणा करणं वेगळं आणि कामाची पद्धत बदलणं वेगळं.

आणि आपल्याकडे? रेसिडेंट डॉक्टरांची ड्युटी साधारणपणे सलग १२ तास आणि आठवड्याला ४८ तासांवर जाऊ नये, असं केंद्र सरकारनं १९९२मध्येच सांगून ठेवलंय. तरी सलग ३६ तासांच्या ड्युटीच्या तक्रारी आजही येतातच. अशा वेळी पहाटे चारला हात न धुतलेल्या डॉक्टरला आणखी एक लेक्चर देऊन काय होणार?

त्यामुळे पुढच्या वेळी ‘डॉक्टरनं नियम का पाळला नाही?’ असं विचारताना सोबत आणखी तीन प्रश्न विचारू या. सामान हाताशी होतं का? थांबवायचा अधिकार कुणाला होता? आणि तो डॉक्टर शेवटचा झोपला कधी होता?